नाला इकडे, वस्ती तिकडे: प्रभागरचनेवर हरकत घेतली त्याची गोष्ट

प्रभागरचनेवर हरकत घेणं हा आपल्याकडे पक्षवाल्यांचा उद्योग समजतात. ज्याचं तिकीट धोक्यात आलंय तो माजी नगरसेवक हरकत घेतो, ज्याने फ्लेक्सवर नावाआधी 'भावी' लावून घेतलंय तो घेतो, आणि बाकीची जनता पेपरात "प्रारूप रचना जाहीर" वाचून आपला नंबर बदललाय का तेवढं बघते आणि पान उलटते. यावेळी मी घेतली, सुनावणीला गेले, पुढे मतदार यादीपर्यंत तिच्या मागे लागले, आणि जे बघितलं ते इथे लिहून ठेवतेय. आधीच सांगते, मी कुठल्या पक्षाची नाही, पण तटस्थ बिटस्थ पण नाही. शहर चालवायचा अधिकार शहरात राहणाऱ्या माणसांचा असतो असं माझं मत आहे, आणि महाराष्ट्रात सगळ्याच सरकारांनी मिळून तो हळूहळू मंत्रालयात नेऊन ठेवलाय. कुणाला हे पुरोगामी रडगाणं वाटलं तर वाटो.

आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सगळ्यांची तेव्हाच संपली. घटनेच्या २४३-यू कलमात स्पष्ट आहे की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, तरी जवळजवळ चार वर्षं प्रशासक बसला. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्याच माणसाने त्यावर सही करायची, मध्ये ना स्थायी समिती ना सर्वसाधारण सभा. आमच्या सोसायटीत बरेच जण म्हणायचे बरंय की, नगरसेवक नाहीत तर कटकट नाही. मला हे अजिबात पटत नाही. नगरसेवक कितीही बेरकी असू दे, नळाला पाणी आलं नाही तर त्याच्या दारात जाऊन ओरडता येतं, आणि पुढच्या वेळी मत मागायला यायचंय म्हणून तो निदान दार उघडतो. आयुक्ताला कुणाकडे मत मागायचं नसतं.

उशीर का झाला हे सांगायला बसलं तर रात्र जाईल. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये तिहेरी चाचणी लावली, म्हणजे या आरक्षणासाठी तीन अटी घातल्या, मग त्यासाठी ओबीसींची आकडेवारी काढायला बांठिया आयोग आला, जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल आला, हे सगळं झालं. पण त्याच्या आडून जे चाललं होतं ते आकड्यांचं राजकारण होतं. महाविकास आघाडीने तीन सदस्यांचा प्रभाग केला, म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक, मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या, आणि मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. मग सरकार गेलं. नवीन आलेल्यांनी मुंबईच्या जागा परत २२७ केल्या, बाकी शहरांत चार सदस्य परत आणले, आणि तो काढून घेतलेला अधिकार मात्र आनंदाने स्वतःकडे ठेवला. जे आज विरोधात बसून प्रभागरचनेच्या नावाने बोटं मोडतात त्यांनी ही चावी स्वतःच्या हाताने बनवली, हे मी आघाडीला मत देणाऱ्या माझ्या मित्रमंडळींना सांगते तेव्हा ते विषय बदलतात.

शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्या चार महिन्यांचे पण पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत झाले, पण चक्र फिरलं. जूनमध्ये नगरविकास खात्याचा आदेश निघाला आणि ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडे प्रारूप आराखडा आला. मुहूर्त कसा बघा, हरकतींची मुदत बरोब्बर गणपतीत. २७ ऑगस्टला चतुर्थी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, आणि त्याच्या मध्येच कुठेतरी तुमचा अर्ज इनवर्ड झाला पाहिजे. मुद्दाम केलं असेल असं नाही, कोर्टाची तारीख डोक्यावर होती, पण अख्खं शहर आरत्या आणि देखाव्यांत असताना हरकत लिहायला बसायचं म्हणजे ज्याचा हाच धंदा आहे तोच बसणार.

तर आमचा नकाशा. आमच्या सोसायटीच्या मागे नाला आहे आणि नाल्याच्या पलीकडे वस्ती. जुनी वस्ती, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनची, बौद्ध आणि मातंग समाजाची घरं जास्त, थोडी इतरांची. वस्तीच्या एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला मोठा रस्ता, म्हणजे सीमा आखायची तर शेंबड्या पोरालासुद्धा कळेल की नाल्यावरून आखायची नाहीतर रस्त्यावरून. प्रारूप नकाशात ती वस्तीच्या मधल्या गल्लीतून गेली होती. गल्ली किती, तर दोन माणसं छत्री उघडून समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागतं. त्या गल्लीच्या डाव्या हाताची घरं एका प्रभागात, उजव्या हाताची दुसऱ्या. नळकोंडाळं एका प्रभागात, त्यावर पाणी भरणाऱ्या अर्ध्या बायका दुसऱ्या प्रभागात.

हे लक्षात आलं ते वस्तीतल्या एका कॉलेजच्या पोरामुळे. त्याने महापालिकेच्या साईटवरचा नकाशा मोबाईलवर घेऊन गुगल मॅपच्या शेजारी ठेवून बघितला आणि बचत गटाच्या मावशींना दाखवला, आणि मावशी तो मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या, कारण माझ्याकडे प्रिंटर आहे. "ताई, हे बघा, माझं घर इकडं आणि माझ्या जावेचं तिकडं. आता भांडण झालं तर नगरसेवक पण वेगळा का?" असं म्हणून स्वतःच हसल्या. पण विषय हसण्यावारी न्यायचा नव्हता, आणि तो का नव्हता हे जरा सविस्तर सांगते, कारण पेपरात ही गोष्ट कधी नीट येत नाही.

अनुसूचित जातीची राखीव जागा कुठल्या प्रभागात पडणार हे लोकसंख्येच्या टक्क्यावरून ठरतं. ज्या प्रभागात टक्का सगळ्यात जास्त तिथे पहिली, मग त्याखालचा, असं उतरत्या क्रमाने. आता वस्ती एका प्रभागात सलग राहिली तर त्या प्रभागाचा टक्का वर जातो. मधून चिरली की टक्का दोन्हीकडे वाटला जातो आणि दोन्ही प्रभाग यादीत खाली घसरू शकतात. कुणी कागदावर लिहीत नाही की आम्ही हे यासाठी केलं, आणि आमच्या बाबतीत तसंच केलं असं मी म्हणत नाही, संगणकावर रेघ ओढणाऱ्या माणसाला ती गल्ली रस्ता वाटली असेल. पण म्हणूनच तर प्रभागरचनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय की सीमा मोठे रस्ते, नदी, नाला, रेल्वेलाईन अशा ठळक खुणांवरून न्या, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नका. 'शक्यतो' हा सरकारी भाषेतला सगळ्यात कामाचा शब्द.

हरकत लिहिताना मला कळलेली एक गोष्ट म्हणजे नकाशापेक्षा अधिसूचनेचा मजकूर नीट वाचायचा. प्रत्येक प्रभागाची व्याप्ती आणि चतुःसीमा शब्दांत दिलेली असते, उत्तरेला अमुक रस्ता, तिथून पूर्वेकडे तमुक चौक, तिथून दक्षिणेकडे, असं एकाच वाक्यात अर्धं पान. कुणी वाचत नाही, झोप येते. आम्ही तिघांनी बसून बोट ठेवून वाचलं आणि सापडलं, मजकुरात आमच्या बाजूची सीमा "नाल्याने दक्षिणेकडे" अशी लिहिली होती आणि नकाशात मात्र रेघ गल्लीतून गेली होती. म्हणजे त्यांच्याच दोन कागदांचं एकमेकांशी पटत नव्हतं. मी अर्जात वस्तीवर अन्याय, सामाजिक न्याय वगैरे शब्द एकदाच वापरले आणि बाकी सगळा जोर या विसंगतीवर दिला. नाल्याचा फोटो, गल्लीचा फोटो, नकाशाच्या त्या तुकड्याची मोठी केलेली प्रिंट, त्यावर लाल पेनाने एक रेघ आणि हिरव्याने एक.

आणि शेवटी एक वेगळा परिच्छेद टाकला की चार सदस्यांच्या प्रभागालाच माझा विरोध आहे, एका प्रभागाला एकच नगरसेवक असावा. पोरगा म्हणाला ताई हे कशाला, मेन मुद्दा पातळ होईल. खरं होतं त्याचं, म्हणून मी तो काढून दुसऱ्या कागदावर स्वतंत्र हरकत म्हणून लिहिला. दोन अर्ज, दोन पोहोच.

अर्ज द्यायला निवडणूक शाखेत गेले तर खिडकीपुढे पक्षवाल्यांची गर्दी. एकेकाच्या हातात अर्जांचे गठ्ठे, मजकूर तोच, फक्त खालची सही वेगळी, काही गठ्ठ्यांत सह्यांचं वळण पण तेच. आतला कर्मचारी बिचारा शिक्का मारून मारून वैतागलेला. माझे अर्ज बघून त्याने विचारलं, "कुठल्या साहेबांकडून?" म्हटलं कुणाकडूनच नाही, मी मतदार आहे. त्याने एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला. वस्तीतल्या बायकांनी आपापल्या अक्षरात अर्ज लिहून आणले होते, एकीने तर मागच्या पानावर गल्लीचं चित्र काढलं होतं, नळ आणि देऊळ आणि तिचं घर. ते पण घेतलं त्यांनी, शिक्क्यासकट.

सुनावणी सप्टेंबरात झाली, महापालिकेच्या सभागृहात. ज्या सभागृहात निवडून आलेली माणसं २०२२ नंतर बसलेली नव्हती त्याच सभागृहात. सरकारने नेमलेले वरिष्ठ अधिकारी मध्ये, बाजूला महापालिकेचे लोक लॅपटॉप घेऊन, भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा फ्लेक्सवर छापून लावलेला. प्रभागवार पुकारा. नाव घेतलं की माईकपाशी जायचं, बोलायचं, लॅपटॉपवाला तुमचा भाग स्क्रीनवर मोठा करून दाखवतो. सकाळी सगळं शिस्तीत होतं, दुपारनंतर एसी गार आणि डोकी गरम अशी परिस्थिती.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं ते माजी नगरसेवकांचं बोलणं. एक जण पोटतिडकीने सांगत होते की एक मोठी सोसायटी त्यांच्या प्रभागातून काढली त्यामुळे "नागरिकांच्या भावना दुखावल्या", आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या पक्षाचे माजी उठले आणि म्हणाले ती सोसायटी तिकडे गेली हेच योग्य, नागरिकांची तीच मागणी होती. त्या सोसायटीतलं एक माणूस हॉलमध्ये नव्हतं. सगळे नागरिकांच्या वतीने बोलत होते आणि नागरिक गणपतीचं विसर्जन करून ऑफिसला गेले होते. हे असं लिहिलं की वाटतं मी राजकारण्यांना हिणवतेय, पण तसं नाहीये, ते निदान आले होते, त्यांना रेघ कुठे हलली की किती मतं हलतात ते कळतं. ज्यांना कळायला हवं त्यांना कळत नाही म्हणून ही रेघ त्यांच्या ताब्यात राहते.

एका तरुण मुलाने अगदी रास्त मुद्दा काढला. त्याच्या भागात गेल्या दहा वर्षांत टॉवर झालेत, पण रचना २०११ च्या जनगणनेवर आहे, म्हणजे ज्या जमिनीवर २०११ मध्ये शेत होतं तिथे आज शेकडो कुटुंबं राहतात आणि हिशेबात मात्र ती धरलेलीच नाहीत. प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा दहा टक्के खाली इतक्यात बसवायची असते, ती बसवली पण २०११ च्या आकड्यांनी. प्रत्यक्षात एका प्रभागात मतदार दुसऱ्याच्या कितीतरी पट. अधिकारी शांतपणे म्हणाले की २०२१ ची जनगणना झालेली नाही, आमच्याकडे अधिकृत आकडा हाच आहे. चूक त्यांची नाही. जनगणना पुढे ढकलत ढकलत आता २०२७ वर गेली, आणि त्याचा फटका कुठे बसतो तर असा, एका नगरसेवकाच्या वाट्याला किती माणसं हे ठरवताना, आणि त्याबद्दल दिल्लीत कुणी कुणाला जाब विचारत नाही.

आमचा नंबर आला. मी बोलले, विसंगती दाखवली, स्क्रीनवर त्यांनी भाग मोठा केला आणि ती गल्ली दिसली, आणि अधिकाऱ्यांनी लॅपटॉपवाल्याला विचारलं, "मजकुरात काय आहे?" त्याने वाचलं, "नाल्याने दक्षिणेकडे." दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग मावशी पुढे आल्या. त्यांना माईकची सवय नाही, त्या माईकपासून लांबच उभ्या राहिल्या आणि तरी सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "साहेब, नाल्याला पूर येतो तेव्हा पाणी आमच्या अख्ख्या वस्तीत येतं, अर्ध्या वस्तीत येत नाही." लोक हसले, अधिकारी पण हसले आणि काहीतरी लिहून घेतलं. नंतर मी विचार करत होते की माझ्या फोटो आणि रेघांनी किती काम केलं आणि त्या एका वाक्याने किती.

मग माझी दुसरी हरकत. चार सदस्यांबद्दल मी तोंड उघडलं तोवर अधिकारी म्हणाले, "मॅडम, हा धोरणात्मक विषय आहे. इथे फक्त सीमा, व्याप्ती, नाव, क्रमांक." म्हटलं मग धोरणावर हरकत कुठे घ्यायची? ते म्हणाले ते विधिमंडळाचं काम. म्हटलं निदान नोंद करा. म्हणाले, केली.

आता याच्यावर मी जरा बोलणार आहे, कारण माझ्या मते खरं दुखणं हेच आहे. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, मग बाकी महाराष्ट्रात का नाही? २००२ ला तीन, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, आघाडीने २०२१ ला तीन ठरवले ते वापरलेच नाहीत, आणि आता परत चार. ज्याचं सरकार त्याला ज्या आकड्यात फायदा दिसतो तो आकडा. यात शहराच्या गरजेचा संबंध कुठेच नाही. चार जणांचा प्रभाग म्हटला की तो विधानसभा मतदारसंघाचा भलामोठा तुकडा होतो, तो चालत फिरणं शक्य नाही, मग फिरायला गाड्या, माणसं, फ्लेक्स, जेवणावळी, म्हणजे पैसा, म्हणजे मोठा पक्ष. एखादी शिक्षिका किंवा वस्तीतला कार्यकर्ता अपक्ष उभा राहून निवडून यायची शक्यताच मारून टाकायची. लोक चिन्ह बघून चारही बटणं एका पॅनेलची दाबतात, आणि त्या पॅनेलमध्ये एक वजनदार असतो बाकी तीन त्याच्या मागून येतात. आणि निवडून आल्यावर ड्रेनेज तुंबलं की अ म्हणतो ब बघेल, ब म्हणतो निधी क च्या नावावर पडलाय, ड चा फोन नवरा उचलतो. एक ना धड भाराभर चिंध्या.

महिलांना महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आहेत, मी त्याची कट्टर समर्थक आहे. पण चारच्या पॅनेलमध्ये निवडून आलेल्या बाईला स्वतःचा असा मतदार राहत नाही, ती कायम कुणाच्या तरी पॅनेलची राहते. एकच्या प्रभागात तीच बाई चुकली तरी तिची चूक आणि चांगलं काम केलं तरी तिचं काम असतं. माझ्या काही स्त्रीवादी मैत्रिणींना उलट वाटतं, त्या म्हणतात मोठ्या प्रभागात निदान पक्षाचं संरक्षण मिळतं, एकटी बाई गुंडांपुढे टिकत नाही. यात तथ्य आहे हे मान्य, पण मग गुंडांचा बंदोबस्त करा ना, प्रभाग कशाला फुगवता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंतिम रचना आली. पोरगा नकाशा घेऊन धावत आला. सीमा नाल्यावर सरकली होती. वस्ती एका प्रभागात, सलग. वस्तीत पेढे वाटले, मला पण दिले.

पण हे गणित आहे. एक भाग आत आला की दहा टक्क्यांचा हिशेब जुळवायला दुसरा बाहेर जातो, आणि जो गेला तो होता आमच्याच रस्त्यावरचा बैठ्या बंगल्यांचा एक पट्टा. तिथले एक काका, निवृत्त, रोज सकाळी फिरताना भेटतात, त्यांनी मला गाठलंच. "तुम्ही त्यांच्यासाठी भांडलात आणि आम्हाला पलीकडे फेकलं." 'त्यांच्यासाठी' या शब्दावर जो जोर होता तो मी ऐकला. म्हटलं काका, बंगल्यांचा पट्टा अख्खा गेलाय, कुणाचं घर मधून कापलं नाही, आणि तुमच्याकडे रस्त्याची सीमा आहे. म्हणाले, पण आमचे संबंध या बाजूच्या लोकांशी आहेत. संबंध म्हणजे कुणाशी हे मी विचारलं नाही, सगळ्यांना माहितीये. तेव्हापासून नमस्कार करतात पण थांबत नाहीत.

वाटलं संपलं, तर नोव्हेंबरात प्रारूप मतदार यादी. इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगते. महापालिकेच्या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेची जी यादी आहे ती एका ठराविक तारखेची उचलतात, यावेळी १ जुलै २०२५ ची, आणि ती फक्त प्रभागांमध्ये फोडतात. त्यामुळे या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही, मेलेल्याचं नाव काढता येत नाही, फक्त नाव चुकीच्या प्रभागात पडलं असेल तर तेवढं बोलता येतं. लोक महापालिकेत जाऊन "आमच्या आईचं नाव नाही" म्हणून भांडत होते आणि कर्मचारी सांगत होते की ते काम भारत निवडणूक आयोगाचं, आमचं नाही. दोन आयोग, दोघांची नावं सारखी, आणि मतदाराने फरक पोटातून शिकून यायचा अशी अपेक्षा. त्या महिन्यात सगळीकडे दुबार नावांवरून रान पेटलं होतं, १ नोव्हेंबरला मुंबईत विरोधकांचा मोर्चा झाला, यादीत दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन चांदण्या आल्या. आमच्या वस्तीत पण आल्या, एकाच नावाच्या दोन वेगळ्या बायका होत्या, एक सासूकडची आणि एक भाडेकरू, दोघींना घरी येऊन विचारून गेले.

आणि आमची गल्ली? विधानसभा यादीचा जो भाग होता तो नाल्याच्या दोन्ही काठांना पसरलेला होता, आणि फोडणाऱ्याने तो जुन्या रेघेवर फोडला होता. नकाशात वस्ती सलग, यादीत परत अर्धी तिकडे. परत अर्ज, यावेळी प्रत्येकाचा लाईट बिलाच्या झेरॉक्ससह. हरकतीची मुदत ३ डिसेंबरपर्यंत वाढवली म्हणून जमलं, नाहीतर पहिल्या मुदतीत वस्तीतल्या सगळ्यांकडून कागद गोळा करणं अशक्य होतं, अर्ध्या बायका धुणीभांडी करून संध्याकाळी सातला घरी येतात. एक कर्मचारी स्थळपाहणीला आला, गल्लीत उभा राहिला, नाल्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हे तर सरळ आहे की." अंतिम यादीत बहुतेक नावं जागेवर आली. काही राहिलीच.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, राज्यातल्या २९ महापालिकांचं एकदम. आमच्या केंद्रावर रांगेत निम्म्या लोकांना चार मतं द्यायचीत हे माहीत नव्हतं, आत गेल्यावर पहिलं बटण दाबून बाहेर निघालेल्या एका आजोबांना अधिकाऱ्याने परत बोलावून बाकीची तीन दाबायला लावली. राज्यात साठाहून जास्त उमेदवार बिनविरोध आले, मतदानच नाही, तिथल्या लोकांना नोटाचं बटणसुद्धा मिळालं नाही. आमच्या प्रभागात तसं झालं नाही. अनुसूचित जातीची जागा आमच्या प्रभागाला आली, त्या जागेवर निवडून आलेली मुलगी वस्तीतली नाही, पॅनेलमधली आहे, पण वस्तीत येते, मावशींना नावाने ओळखते. बघू.

मध्यंतरी मी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, माझ्या दोन हरकतींवर सुनावणीच्या अहवालात काय शेरा आहे ते द्या म्हणून. उत्तर आलं. पहिलीपुढे लिहिलंय, मान्य, नैसर्गिक सीमा विचारात घेऊन बदल. दुसरीपुढे, धोरणात्मक बाब, नोंद घेतली. म्हणजे हॉलमध्ये ते म्हणाले तसं खरंच केलं होतं. २०२७ ची जनगणना झाली की पुढच्या निवडणुकीआधी सगळ्या प्रभागांच्या रेघा नव्याने ओढाव्याच लागतील, आणि त्याच्या आधी कुठल्यातरी अधिवेशनात सदस्यसंख्येचं विधेयक अर्ध्या तासात मंजूर होईल, जसं प्रत्येक वेळी होतं. आमच्या आमदारांना मी आत्ताच पत्र लिहून विचारलंय की तेव्हा तुमचं मत कुठे असेल. त्यांच्या पीएने फोन करून सांगितलं की साहेब दौऱ्यावर आहेत, पत्र कुठल्या कामासंदर्भात आहे, बदली की दाखला?